परदेशातल्या नोकरीच्या संधीबद्दल इंग्रजीत बोलताना कोणते वाक्प्रचार वापरावेत?

मित्रांना बातमी सांगताना ‘ओव्हर द मून’ (खूप खूश) म्हणा, ‘ड्रीम कम ट्रू’ (स्वप्न खरं झालं) म्हणा, काही बिघडत नाही. मुलाखतीत दोन पुरे: पहिल्या दिवसापासून कामाला लागेन यासाठी ‘हिट द ग्राउंड रनिंग’ आणि तिथली पद्धत शिकून घेईन यासाठी ‘लर्न द रोप्स’. ‘फूट इन द डोअर’ चुकूनही म्हणू नका. ऐकणाऱ्याला वाटतं, हा इथे नुसता शिरकाव करून पुढे दुसरीकडे जाणार. बाकी याद्या पाठ करणं सोडा.

मी अमळनेर तालुक्यातला, जिल्हा परिषदेच्या शाळेतला, घरी अहिराणी बोलणारा. जळगाव भागात ठिबकची कामं करायचो. केनियात नैवाशाला गुलाबाच्या पॉलिहाऊसवर सिंचन सुपरवायझरची जागा निघाली, तेव्हा इंग्रजी माध्यमात शिकलेला चुलतभाऊ सगळ्या घरादेखत म्हणाला, “तुले जमाव नही,” म्हणजे तुला जमणार नाही. वर वाक्प्रचारांचे झेरॉक्स कागद हातात दिले आणि रोज माझ्याकडून म्हणवून घ्यायला लागला. आई-बाबांचाही धीर त्यानेच खचवला.

मुलाखत व्हिडिओवर झाली. स्वप्न, संधी, उत्साह, यातलं काही विचारलंच नाही. साहेबांनी विचारलं, शेवटच्या ड्रीपरला पाणी कमी पडतंय, काय करशील? मी छोट्या छोट्या वाक्यांत सांगितलं: आधी फिल्टरच्या अलीकडचं-पलीकडचं प्रेशर बघेन, फरक जास्त असेल तर सँड फिल्टर बॅकवॉश करेन, म्हणजे उलटं पाणी सोडून धुऊन काढेन. तिथे ठीक असेल तर लॅटरलची, म्हणजे ड्रीपर असलेल्या नळ्यांची, टोकं उघडून नळ्या फ्लश करेन. ड्रीपरवर पांढरा क्षार दिसला तर पाण्याचा सामू (पीएच) ४ च्या आसपास येईल एवढं ॲसिड सोडून संच बंद ठेवेन, दुसऱ्या दिवशी पुन्हा फ्लश. ते ऐकता ऐकता लिहून घेत होते. मग ॲसिड हाताळताना मजुरांची काळजी कशी घेशील, यावरच बराच वेळ बोलणं झालं. नोकरी मिळाली.

म्हणून तुम्हीही आपल्या कामातले दहा-बारा प्रश्न काढा आणि त्यांची उत्तरं साध्या इंग्रजीत मोठ्याने बोलून बघा. आणि माझं स्पष्ट मत आहे, मराठी शाळेतली पोरं इंग्रजीमुळे मागे पडत नाहीत, घरचेच चारचौघांत त्यांचा पाणउतारा करतात म्हणून पडतात. चुलतभाऊ आजही लग्नाकार्यात म्हणतो, “याचं नशीब जोरावर होतं.” फिल्टरचं उत्तर नशिबाने येत नाही, भाऊ. उन्हाळाभर कापसाच्या वावरात नळ्या साफ केल्यावर येतं.

हां, आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा द्यायची असेल तर गोष्ट वेगळी. तिथे बोलण्याच्या परीक्षेत ७ बँडला थोडेफार वाक्प्रचार सहज येणं धरलं जातं. हॉटेल किंवा सेल्सच्या नोकरीतही ते कामी येतात. आणि एजंटमार्फत जात असाल तर सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याची नोंदणी आधी तपासा. कायद्याने त्याला सेवाशुल्क ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढंच घेता येतं.