भाऊ वॉर्डातून दोनदा निघून आला

प्रश्न : माझा धाकटा भाऊ ३२ वर्षांचा आहे. सहा वर्षांपूर्वी स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. त्यानं गोळ्या बंद केल्या, त्रास वाढला, म्हणून गेल्या महिन्यात एका हॉस्पिटलच्या मानसोपचार वॉर्डात भरती केलं. चौथ्या दिवशी भेटायच्या वेळी गर्दीतून बाहेर पडला, एसटी स्टँडवर सापडला. आठवड्यानं पुन्हा गेला आणि सतरा किलोमीटर अनवाणी चालत पहाटे घरी आला. हॉस्पिटलवाले म्हणतात, चोवीस तास माणूस ठेवा, नाहीतर घेऊन जा. वडील म्हणतात, घरीच साखळी घालून ठेवू. भाऊ एवढंच म्हणतो, ‘तिथं मला बसवत नाही, पाय चाळवतात.’ मी काय करू? पोलीस त्याला पकडून नेतील का?
– एक बहीण, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातल्या ‘बसवत नाही, पाय चाळवतात’ या शब्दांखाली मी पेन्सिलीनं रेघ मारली. मनोरुग्णांच्या वॉर्डात ३१ वर्षं सिस्टर म्हणून काढली, पण हे शब्द नीट ऐकायला मला त्यातली पहिली दहा वर्षं लागली.

स्किझोफ्रेनियावरच्या हॅलोपेरिडॉलसारख्या औषधांनी काही जणांच्या अंगात अशी तगमग सुरू होते की एका जागी थांबणं अशक्य होतं. डॉक्टर त्याला अकाथिसिया म्हणतात. भाऊ उभा असताना वजन या पायावरून त्या पायावर टाकत राहतो का? बसला की मांड्या हलवतो का? दोन घास खाऊन ताटावरून उठतो का? बघा आणि डॉक्टरांना याच शब्दांत सांगा. नुसतं ‘बेचैन आहे’ म्हणालात तर आजार वाढला असं समजून औषध आणखी वाढवलं जाऊ शकतं, आणि तगमगही वाढते. डोस कमी करून, औषध बदलून किंवा प्रोप्रानोलॉलसारखी गोळी देऊन हा त्रास बराच आटोक्यात येतो. मात्र गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका. अशा माणसाला बंद दाराआड बसवलं तर तो दार शोधणारच.

आता दुसरी गोष्ट. ही सांगताना मला आजही जड जातं. १९९६ चा जून होता. माझी पुरुष वॉर्डात रात्रपाळी. रात्री पहिला मोठा पाऊस झाला आणि सकाळच्या मोजणीत एक माणूस कमी भरला. रजिस्टरला मी शेरा लिहिला, ‘रात्री पळाला’. तिसऱ्या दिवशी तो गावी, स्वतःच्या शेतात, भावाबरोबर तिफणीमागे सापडला. परत आणल्यावर तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे त्याला दोन दिवस एकट्याला कोठडीत ठेवलं. बाहेरून कडी मी लावली. आठवड्यानं औषध देताना त्यानं मला विचारलं, ‘बाई, वरच्या तुकड्यात भुईमूग उगवला का?’ मी मागची पानं काढून बघितली. जाण्याआधी तीन आठवडे तो प्रत्येकाला विचारत होता, पाऊस पडला का, पेरणी झाली का. आणि आम्ही नोंद केली होती, ‘तेच तेच बडबडतो’.

त्याच्या भावाला मी पोस्टकार्ड टाकलं. उत्तर आलं, भुईमूग उगवला, बैल बरे आहेत, तू बरा होऊन ये. ते कार्ड त्यानं हॉस्पिटलच्या सदऱ्याच्या खिशात घडी पडेपर्यंत वागवलं. डिस्चार्ज होईपर्यंत तो पुन्हा कुठं गेला नाही.

म्हणून भावाला ‘का पळालास’ असं विचारू नका. ‘कुठं निघाला होतास’ असं विचारा. तो दोन्ही वेळा घराच्या वाटेला लागला, हे लक्षात घ्या. घरी कोण आजारी आहे, कुणाशी भांडण राहिलंय, की वॉर्डात कुणी मारतंय? तंबाखू एकदम तोडल्यामुळेही माणसं बाहेर पडतात. जे निघेल ते कागदावर लिहून पुढच्या भरतीला डॉक्टरांच्या आणि वॉर्डातल्या सिस्टरच्या हातात द्या.

साखळीचं मात्र नाव काढू नका. वडिलांना सांगा, ६ ऑगस्ट २००१ ला तामिळनाडूतल्या एरवाडीत मनोरुग्णांच्या एका खासगी निवासाला आग लागली. माणसं साखळदंडांनी बांधलेली होती. २८ जण गेले. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ९५ नं कोणत्याही प्रकारे साखळी घालायला बंदी आहे. वडिलांवर रागावू नका, ते घाबरलेत. पण साखळीतला माणूस गोळी विश्वासानं घेत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पोलिसांचं म्हणाल, तर वॉर्डातून निघून जाणं हा गुन्हा नाही. रुग्णालयाच्या सांगण्यावरून पोलिसांनी पकडून परत आणायची तरतूद कलम ९२ मध्ये आहे, पण ती तुरुंगातून उपचारासाठी आणलेल्या कैद्यांसाठी. तुमचा भाऊ हरवला तर पोलिसांनी शोधायलाच हवं. स्वतःला सांभाळू न शकणारा मनोरुग्ण भटकताना दिसला तर कलम १०० प्रमाणे संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत पोचवायचं असतं, लॉकअपमध्ये टाकायचं नसतं.

हॉस्पिटलला विचारा, भरती कलम ८६ ची की ८९ ची? ८६ म्हणजे तो स्वतःहून आला, ८९ म्हणजे नामनिर्देशित प्रतिनिधीच्या, म्हणजे रुग्णाच्या वतीनं बोलायला कायद्यानं मानलेल्या माणसाच्या, अर्जावर, जास्तीत जास्त ३० दिवस. तुम्ही प्रतिनिधी असाल तर उपचारांबद्दल विचारायचा तुम्हाला हक्क आहे. ‘माणूस ठेवा नाहीतर घेऊन जा’ एवढ्यावर बोळवण मला पटत नाही. तो भेटीच्या वेळेत गेला, तर त्या तासाला दारावर कोण असतं, हा प्रश्न हॉस्पिटलनंच स्वतःला विचारायचा आहे.

पुन्हा गेलाच, तर २४ तास थांबायचं नाही. लगेच पोलीस ठाण्यात मिसिंग दाखल करा. ताजा फोटो, अंगावरचे कपडे, पायात चप्पल आहे का, खिशात किती पैसे, हे सांगा. एसटी स्टँडवरच्या कंट्रोलरला फोटो दाखवा. व्हॉट्सॲपवर ‘मनोरुग्ण’ लिहू नका, ‘हरवले आहेत’ पुरे, कारण उद्या त्याला त्याच गावात राहायचंय. सापडला की आधी पाणी आणि जेवण. लिथियमच्या गोळ्या चालू असतील तर उन्हात फिरून पाणी कमी पडल्यानं लिथियमचं रक्तातलं प्रमाण वाढतं, लगेच तपासून घ्या. क्लोझापिनची गोळी दोन दिवसांपेक्षा जास्त चुकली असेल तर जुना डोस परस्पर देऊ नका, डॉक्टर ती पुन्हा थोड्यापासून सुरू करतात. रात्री-अपरात्री काही सुचलं नाही तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा.

प्रश्न : नैराश्यामुळे मी स्वतः सही करून भरती झालो होतो. घरी जायचं म्हणालो तर ‘नातेवाइकांशिवाय सोडत नाही’ असं उत्तर मिळालं. हे बरोबर आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. कलम ८६ खाली स्वतःहून आलेल्याला कलम ८८ प्रमाणे त्याच्या मागणीवरून सोडावं लागतं. तुम्ही नुकताच जिवाचं बरंवाईट करायचा प्रयत्न केला किंवा तशी धमकी दिली असेल, दुसऱ्यावर हात उचलला असेल, किंवा स्वतःची काळजी घेण्याच्या वा निर्णय समजून घेण्याच्या स्थितीत नसाल, तरच डॉक्टर तपासणीसाठी २४ तास थांबवू शकतात. मागणी लेखी द्या, त्यावर तारीख आणि वेळ घाला, पोच घ्या. तरीही अडवलं तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे अर्ज करता येतो. आणि भाऊ, गोळ्या किती दिवसांच्या दिल्यात ते बघून पुढची तारीख घेऊनच बाहेर पडा.