दोन आठवड्यांत बाळंतपण ‘प्रत्यक्ष करायला’? मुलीला पाठवण्याआधी

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पुढे मेडिकलला जायचंय. एक एजन्सी दोन आठवडे घानाला नेते. इंजेक्शन, टाके, बाळंतपण ‘प्रत्यक्ष करायला मिळेल’ म्हणते. प्रवेशाला उपयोग होईल का?

उत्तर : ताई, पैसे भरले नसतील तर थांबा. जे काम तुमच्या मुलीला न्यू जर्सीतल्या दवाखान्यात कुणी करू देणार नाही, ते तिने घानातही करायचं नाही.

इंजेक्शनचंच बघा. कुल्ल्यावर सुई वरच्या बाहेरच्या भागात न टोचता थोडी खाली-आत गेली, तर पायाकडे जाणाऱ्या सायटिक नसेला इजा होऊन पाऊल लुळं पडू शकतं. लहान मुलांत स्नायू कमी, म्हणून धोका जास्त. मूल लंगडतंय हे आईच्या ध्यानात येईपर्यंत सुई टोचणारी परत गेलेली असते.

प्रवेशाचं म्हणाल तर नुकसानच होऊ शकतं. अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेने, एएएमसीने, २०११ मध्येच याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. प्रशिक्षणाशिवाय केलेले उपचार अर्जात दिसले, की मुलीला तारतम्य नाही असाच अर्थ निघतो.

एजन्सीकडून लेखी उत्तरं मागा. कोणत्या हॉस्पिटलने विद्यार्थी मागितले, कशासाठी? देखरेखीचा डॉक्टर तिथे नोंदणीकृत आहे का? फीपैकी हॉस्पिटलला किती जातं? मुलं परतल्यावर त्या पेशंटना कोण बघतं? यावर गोलमोल उत्तर आलं तर बेत रद्द करा. पेशंटला वापरलेली सुई चुकून मुलीलाच टोचली तर एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी, सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. ती तिथे हाताशी आहेत का? घानासाठी पिवळ्या तापाची लस किमान १० दिवस आधी हवी, मलेरियाच्या गोळ्या वेगळ्या.

चांगल्या कार्यक्रमात ती पेशंटच्या परवानगीने डॉक्टरांशेजारी उभी राहील, केसपेपर लावेल, औषधांचा साठा मोजेल. पेशंटचे फोटो नाहीत.

बरीच मुलं सुट्टीत भारतात येऊन मामा-काकांच्या हॉस्पिटलात टाके घालतात, तेही नको. नोंदणीशिवाय वैद्यकीय व्यवसाय करणं राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम ३४ खाली गुन्हा आहे. इकडे यायचंच तर जामखेडच्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पाकडे चौकशी करा. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तो सुरू केला. गावातल्याच बायकांना तिथे आरोग्यसेविका म्हणून तयार केलं जातं, आणि त्यांचं काम बघायला परदेशी विद्यार्थी येतात. तुमच्या मुलीला मराठी येत असेल, तर तिला मधे दुभाषा लागणार नाही.