स्टिअरिंगचा खेळ: बॉक्स आवळण्यापूर्वी सांधे पाहावेत

प्रश्न : वडिलांनी शेतीकामासाठी घेतलेली विलीज घडणीची जुनी जीप आमच्याकडे आहे. जांबोटीच्या रस्त्यावर सरळ जातानाही स्टिअरिंग दोन-तीन इंच मोकळे फिरते आणि वेग वाढला की पुढची चाके थरथरतात. मिस्त्रींनी स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळून दिला. तेव्हापासून वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही, खेळ मात्र जवळजवळ तेवढाच आहे. नवा बॉक्स बसवावा काय?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : बॉक्स बदलण्याची घाई करू नये. आवळूनही खेळ कमी झाला नाही, याचा अर्थ झीज बहुधा बॉक्सच्या पुढे, दांड्यांच्या सांध्यांत आहे. आवळलेला स्क्रू मात्र आधी सैल करून घ्यावा, कारण या बॉक्सची रचनाच अशी असते की चाके सरळ असताना तो सर्वांत घट्ट आणि वळलेल्या स्थितीत किंचित सैल असतो. वळलेल्या स्थितीत तो आवळला, तर नेमका मधोमध येऊन अडकतो. स्टिअरिंग अडकणे हे खेळ असण्यापेक्षा अधिक धोक्याचे आहे. चोर्ला घाटाकडे ही जीप या अवस्थेत कृपया नेऊ नये.

जीप सपाट जागी, चाके जमिनीवर टेकलेली असताना उभी करावी. घरातील कोणाला तरी स्टिअरिंग हळूहळू डावी-उजवीकडे हलवायला सांगावे आणि आपण पुढून वाकून प्रत्येक सांध्यावर बोट ठेवून पाहावे. एक बाजू हलली आणि दुसरी थांबूनच राहिली, तर झीज त्याच सांध्यात आहे. बॉक्सच्या आर्मपासून निघणारी ड्रॅग लिंक (हालचाल पुढे नेणारी दांडी), तिच्या पुढचा बेल क्रँक (खुंटावर फिरून ती हालचाल दोन्ही चाकांकडे वळवणारा आर्म) आणि तेथून चाकांकडे जाणारे दोन टाय रॉड, या क्रमाने पाहावे. माझा पहिला संशय बेल क्रँकवर आहे. तो चिखलाच्या अगदी वाटेत असतो, खानापूरकडच्या पावसात तांबडी माती त्यात शिरते आणि ग्रीसगन तेथे क्वचितच पोहोचते. त्याचा खुंट झिजला असेल, तर बेळगावात उद्यमबागेतील लेथवर नवा खुंट आणि बुश मापाने करून मिळू शकेल. दांडे किंवा बॉल वेल्डिंगने भरून घेऊ नयेत. तुटल्यास चाकांवर ताबाच उरत नाही.

ड्रॅग लिंकच्या टोकाला स्प्रिंग, वाट्या आणि स्क्रू-प्लग असतो. वाट्या ठीक असतील, तर प्लग बॉलला घट्ट टेकेपर्यंत आवळून अर्धा ते एक फेरा मागे घ्यावा आणि नवी स्प्लिट पिन (प्लग फिरू नये म्हणून आडवी घालून टोके दुमडायची पिन) घालावी. जुनी पिन सरळ करून पुन्हा वापरण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे, ती सोडावीच. टाय रॉड एंड सोडवताना आट्यांवर हातोडा मारू नये. नट दोन-तीन आटे ठेवून ढिला करावा आणि आर्मच्या डोळ्याच्या (एंड ज्या भोकात बसतो त्याच्या) बाजूवर ठोके द्यावेत, म्हणजे त्यात घट्ट बसलेला निमुळता टेपर सुटतो.

दुरुस्तीनंतर टो-इन, म्हणजे पुढच्या चाकांचा समोरच्या बाजूचा किंचित आतला कल, लावावे. बेल क्रँक ॲक्सलशी काटकोनात धरून एका टाय रॉडने त्या बाजूचे चाक मागच्या चाकाच्या रेषेत आणावे, मग दुसऱ्या रॉडने टो-इन साधावे. दोन्ही टायरांत हवा सारखी भरून, पुढच्या टायरांच्या मागील बाजूस मधोमध, हबच्या उंचीवर खडूने खुणा कराव्यात आणि त्यांमधील अंतर मोजावे. मग जीप ढकलून त्याच खुणा पुढे त्याच उंचीवर आणाव्यात आणि पुन्हा मोजावे. पुढचे अंतर सुमारे 1.2 ते 2.4 मिलिमीटरने कमी असावे. बॉक्स तपासायचाच, तर यानंतर, ड्रॅग लिंक सोडवून आणि स्टिअरिंग मध्यावर ठेवून.

थरथर तरीही राहिली, तर चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवावे. तेथे खेळ जाणवला, तर किंगपिन (चाक ज्यावर डावी-उजवीकडे वळते तो खुंट) किंवा चाकाचे बेअरिंग उघडावे लागेल.