आरसपानी: त्यात पाणी कुठून आलं?

फोंड्याच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. वडिलोपार्जित घरातल्या, काचेऐवजी शिंपले बसवलेल्या खिडक्यांबद्दल त्यांना पाहुण्यांसाठीच्या माहितीपत्रकात चार ओळी लिहायच्या आहेत. खिडक्यांना 'पारदर्शी' म्हणू, 'अर्धपारदर्शक' म्हणू की 'आरसपानी'?

'पारदर्शी' आधी खोडा. दूरदर्शी माणूस दूरचं पाहतो, मार्गदर्शक वाट दाखवतो. काच स्वतः काही पाहत नाही, ती पलीकडचं दाखवते. म्हणून मराठीत पारदर्शक. 'सूक्ष्मदर्शी'चा दाखला घेऊन कुणी भांडायला येणार हे माहीत आहे. यावं, पण चहा पिऊन परत जावं.

खरा राग आहे तो 'आरसपानी'वर. हल्ली पाळोळ्याच्या नाहीतर बटरफ्लाय बीचच्या कुठल्याही रीलखाली 'आरसपानी समुद्र' असतोच. तळ दिसेल इतकं स्वच्छ पाणी, असं लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं. पण या शब्दात पाणी नाहीच! आरस म्हणजे आरसा, मूळ संस्कृत 'आदर्श'. आपल्या कोकणीतला 'आरसो'ही तिथलाच. आणि 'पान' म्हणजे पाषाण. गुजरातीत संगमरवराला आजही 'आरसपहाण' म्हणतात. हिंदी संतांच्या दोह्यांत दगडाला 'पाहन' आहे. आरशासारखा घोटून चकचकीत केलेला दगड तो आरसपान, आणि त्याचा किंवा त्याच्यासारखा तो आरसपानी.

यावर मोत्याच्या 'पाण्या'तून, म्हणजे तेजातून, 'पानी' काढणारे एक मत ऐकवलं जातं. ते मांडणाऱ्यांनी एवढंच सांगावं की पाणीदार, बिनपाण्याचा असे शब्द रोज वापरणारा मराठी माणूस याच एका ठिकाणी 'ण' का विसरला? माझा तर्क असा की दगड उत्तरेकडून आला आणि नाव सोबत घेऊन आला. राजस्थानातल्या मकराण्याचा संगमरवर थेट ताजमहालापर्यंत गेला. आपल्याकडे निघतो चिरा, म्हणजे जांभा दगड. जांभा छिद्राछिद्रांचा, त्याला कितीही घोटा, आरसा काही व्हायचा नाही.

म्हणजे ज्या शब्दाला लोक 'आरपार दिसणारा' समजतात तो जन्मला दोन अपारदर्शक वस्तूंपासून. आरशामागच्या धातूत इलेक्ट्रॉन मोकळे फिरत असतात, ते प्रकाशाला आल्या पावली परत पाठवतात. काचेत तसं नाही. तिथले इलेक्ट्रॉन बांधलेले असतात आणि वरच्या पातळीवर जायला त्यांना मोठी ऊर्जा लागते. शुद्ध सिलिका काचेत ती साधारण 9 इलेक्ट्रॉन-व्होल्ट (एवढ्याशा ऊर्जेचं हे माप). दृश्य प्रकाशाच्या एका फोटॉनकडे, म्हणजे कणाकडे, असतात पावणेदोन ते सव्वातीन. साध्या उजेडात दोन-तीन फोटॉननी मिळून वर्गणी काढायची सोय नसते, त्यामुळे काच कुणालाच गिळत नाही आणि प्रकाश पलीकडे निघून जातो. सिलिकॉनला मात्र 1.1 पुरतात. म्हणून सिलिकॉन आपल्या डोळ्यांना अपारदर्शक, पण कमी ऊर्जेच्या अवरक्त किरणांना चक्क पारदर्शक. पारदर्शक म्हणताना 'कशाला?' हेही विचारायला हवं, ते कुणी विचारत नाही.

आता संगमरवर. त्याचं खनिज कॅल्साइट, आणि तेही दृश्य प्रकाश गिळत नाही. कॅल्साइटचा निर्दोष स्फटिक पुस्तकावर ठेवा, खालची अक्षरं स्वच्छ दिसतात, फक्त दोन-दोन. कारण त्यात प्रकाशाचे दोन किरण होतात, एकाचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचं माप) 1.66, दुसऱ्याचा 1.49. संगमरवरात असे असंख्य कण वेडेवाकडे जडलेले असतात. दर सीमेवर प्रकाश थोडा वळतो, थोडा परततो, आणि शेवटी सगळीकडे विखुरतो. दगड पांढरा दिसतो तो त्यामुळे. मिठागरातला मिठाचा खडा कुटला की पांढराफेक होतो, त्याचंही कारण हेच: गिळणं नव्हे, विखुरणं.

आणि तुमच्या खिडकीतला शिंपला? गोव्यातल्या चिखलीच्या खाडीत मिळतो तोच हा, शास्त्रीय नाव प्लॅकुना प्लॅसेंटा. वजनाने तब्बल 99 टक्के कॅल्साइट! म्हणजे ताजमहालाचं आणि तुमच्या खिडकीचं खनिज एकच. फक्त इथे ते पातळ पापुद्र्यांत, थरावर थर असं नीट रचलेलं आहे, म्हणून विखुरणं कमी. बराचसा उजेड आत येतो, पण वाटेत वळलेला. पडवीत कोण आलंय ते आतून ओळखू येत नाही, सावली मात्र हलताना दिसते.

म्हणूनच 'अर्धपारदर्शक' मला पटत नाही, पाठ्यपुस्तकांत असला तरी. अर्धं काय? उजेड तर अर्ध्याहून पुष्कळ जास्त येतो, आणि पलीकडचं माणूस अर्धंसुद्धा दिसत नाही. त्यापेक्षा 'पारभासक' बरा. जड वाटत असेल तर सरळ लिहा: 'उजेड येतो, पण बाहेरचं दिसत नाही अशा शिंपल्यांच्या खिडक्या'. पाहुण्यांना तेवढं पुरेल. 'आरसपानी' घरात कुठे संगमरवरी टेबल असेल तर त्याच्यासाठी ठेवा.