जँगोच्या डॉक्युमेंटेशनमध्ये वाट कशी शोधावी?

प्रश्न : मी बेळगावात इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. जँगोचे (पायथॉन भाषेत वेबसाइट बनवण्याच्या फ्रेमवर्कचे) डॉक्युमेंटेशन, म्हणजे अधिकृत माहितीची पाने उघडली, की कोठून वाचावे हेच कळत नाही. मराठी माध्यमात शिकल्यामुळे माझे इंग्रजी कमी पडते का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : इंग्रजीला दोष देऊ नका, कोणत्या प्रश्नासाठी कोणता विभाग उघडायचा, हे ठाऊक नसल्याने ही अडचण येते. २००५ मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या जँगोच्या डॉक्युमेंटेशनचे चार भाग आहेत : ट्यूटोरियल, विषयवार मार्गदर्शन, विशिष्ट काम कसे करावे हे सांगणारी पाने आणि रेफरन्स. मेथडचे (ठरावीक काम करणाऱ्या फंक्शनचे) नाव माहीत आहे, पण ती नेमके काय करते हे माहीत नाही, अशा वेळी थेट रेफरन्स उघडावा.

उदाहरणार्थ, 'क्वेरीसेट'च्या (डेटाबेसमधून मागवलेल्या ओळींच्या संचाच्या) पानावर नवा क्वेरीसेट परत देणाऱ्या आणि न देणाऱ्या मेथड वेगवेगळ्या शीर्षकांखाली दिल्या आहेत. 'अपडेट' दुसऱ्या गटात आहे. ती जुळलेल्या ओळींची संख्या परत देते, आणि ती मॉडेलची (डेटाबेसमधील टेबल दर्शवणाऱ्या क्लासची) 'सेव्ह' मेथड चालवत नाही, हेही तिच्या नोंदीत स्पष्ट लिहिले आहे. 'सेव्ह'मध्ये लिहिलेला स्वतःचा कोड का चालत नाही, म्हणून विद्यार्थी रात्र रात्र जागतात, तेव्हा उत्तर याच नोंदीत असते. म्हणून पहिल्या उदाहरणापाशी न थांबता प्रत्येक नोंद शेवटपर्यंत वाचावी, असा माझा आग्रह आहे.

गुगलवरून शोधल्यास अनेकदा जुन्या आवृत्तीचे पान उघडते. तेव्हा पानावरील आवृत्ती आपल्या संगणकावरील जँगोशी आधी जुळवून घ्यावी.