पहिलं डायव्हर (पाण्यात चालणारं) घड्याळ घेतोयस, तर

हे बघ भावा, रोलेक्सच्या सबमरिनरसारखं दिसणारं घ्यायचंय ना? मग डायलवर भाळू नकोस. पगानी, स्टीलडाइव्ह, सॅन मार्टिन या चिनी कंपन्या, तिघांच्याही कितीतरी मॉडेलांत सेइकोचंच एनएच35 मशीन: 24 ज्वेल (झीज कमी करणारे बारीक खडे), चावी पूर्ण भरली की साधारण 41 तास. मग फरक कुठं? बेझल (डायलभोवतीची फिरती कडी) फिरवून बघ, डुगडुगते का. बकल हातात घे, पत्र्याचं लागतं का. फिनिशिंग सॅन मार्टिनचं उजवं, पण पैसेही तसेच मोजावे लागतात. पाणी सोसायला स्टीलडाइव्हची बरीचशी 200-300 मीटरची, पगानीची बरीचशी 100 ची. आपल्याला सांगलीत कृष्णेत डुंबायचंय, दोन्ही पुरे. फक्त बाजूची चावी स्क्रूसारखी फिरवून घट्ट आवळ! माझं पहिलं (नाव राहू दे) पहिल्याच उडीत आतून धुरकटलं. आवळायला मीच विसरलो होतो.