वाहाकातलं तामायो म्युझियम बघावं का?

प्रश्न: मेक्सिकोला चाललोय, वाहाका शहरात दोनच दिवस आहेत. रुफिनो तामायो या मेक्सिकन चित्रकाराचं म्युझियम बघायचं मनात आहे, पण एक मित्र म्हणतो ते मेक्सिको सिटीत आहे, दुसरा म्हणतो वाहाकातच. शिवाय तिथे सगळ्या जुन्या मातीच्या मूर्ती आहेत म्हणे. मला त्या इतिहासातलं ओ की ठो कळत नाही, बोअर होईल का?

उत्तर: दोन्ही मित्र बरोबर आहेत हो! मेक्सिको सिटीतलं १९८१ सालचं, ते आधुनिक कलेचं. वाहाकातलं १९७४ सालचं, जुन्या वाड्यात आहे, आणि त्यात स्पॅनिश लोक यायच्या आधीच्या वस्तू आहेत ज्या तामायोने स्वतः जमवल्या आणि मग आपल्या जन्मगावाला देऊन टाकल्या, कारण असल्या वस्तू तेव्हा सर्रास विकल्या जाऊन देशाबाहेर जायच्या.

आता बोअरचं. खरं सांगू, इतिहास येत नसेल तर हेच म्युझियम आधी बघा. तामायो पडला चित्रकार, त्याने वस्तू गोळा केल्या त्या डोळ्याला आवडल्या म्हणून, आणि मांडणीतही काळ आणि संस्कृतीपेक्षा वस्तूच्या देखणेपणाला महत्त्व आहे. प्रत्येक दालनाचा रंग वेगळा, गुलाबी, निळा, जांभळा असे, त्याच्याच चित्रांत शोभतील असे. पाट्या वाचत बसू नका, नुसतं बघा. पश्चिम मेक्सिकोतल्या कोलिमाचे ते गुबगुबीत मातीचे कुत्रे बघून हसू येतं, पण ते थडग्यांमध्ये मेलेल्या माणसासोबत ठेवलेले असायचे हे कळलं की मग परत मागे फिरून बघावंसं वाटतं. पूर्व किनाऱ्यावरच्या वेराक्रूझची मातीची हसरी तोंडंही चुकवू नका, दात दाखवून चक्क हसतायत, देवबिव वाटतच नाहीत.

तामायोची स्वतःची चित्रं मात्र इथे शोधू नका.

हे बघून झालं की सान्तो दोमिंगोच्या जुन्या मठातलं म्युझियम करा. मोन्ते आल्बान म्हणजे वाहाकाजवळच्या डोंगरावरचं प्राचीन शहर, तिथल्या ७ नंबरच्या थडग्यात १९३२ साली सापडलेलं सोनं या म्युझियममध्ये आहे आणि इतिहासही इथे नीट क्रमाने लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर मोन्ते आल्बान, उन्हं चढायच्या आत, वर सावली फार कमी आहे.